वेणीतलं पाणी

माझ्या नवऱ्याला संशय घ्यायचा पगार मिळतो. हे मी टोमणा म्हणून सांगत नाही. त्याच्या नेमणुकीतच तसं आहे, फक्त शब्द जरा इस्त्री केलेले आहेत: 'रहिवास नमुना निरीक्षक, सीमा विभाग'. म्हणजे अमुक माणूस खरंच आपल्या राज्यात राहतो की राहतो असं नुसतं दाखवतो, हे तपासत फिरायचं. शिवराज हळदे हा माणूस या कामासाठीच जन्मला असं माझं मत आहे. लग्न झाल्यावर पहिल्याच आठवड्यात त्याने मला विचारलं होतं, हा चहा आत्ताचा आहे की सकाळचाच गरम केलाय? चहा सकाळचाच होता, हा भाग वेगळा.

आमचं हिप्पळगाव अगदी हद्दीवर आहे. ओढा ओलांडला की तेलंगणा. आमच्या लेकी पलीकडे दिलेल्या, पलीकडच्या आमच्यात आलेल्या, बाजार दोन्हीकडचा, भाषा तर एका वाक्यात तीन. पूर्वी गावातल्या अर्ध्या घरांत दोन्ही राज्यांची कार्डं असायची आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. पेट्रोल ज्या बाजूला कर कमी त्या बाजूचं भरायचं, खत जिकडे सवलत जास्त तिकडून आणायचं. सोपानच्या हॉटेलात बसलेला कुणीही माणूस दोन्ही सरकारांचं अंदाजपत्रक तोंडपाठ सांगायचा. आमचं सरकार बायकांच्या खात्यात दर महिन्याला हप्ता टाकतं आणि रस्ते मोठे करतं. त्यांचं सरकार हप्ता तोकडा देतं, पण दवाखान्यावर हात सैल सोडतं. कोण शहाणं आणि कोण उधळं, यावर तिथे मारामारी व्हायचीच बाकी होती.

मग दोन्ही तिजोऱ्यांना ठणठणाट ऐकू यायला लागला. प्रत्येक राज्य म्हणायला लागलं, आमचा पैसा शेजारची माणसं खातात. त्यातून कायदा आला: एक माणूस, एक राज्य. कर जिथे भराल तिथलंच घ्याल, आणि तुम्ही कुठले हे कागद ठरवणार नाही, कारण कागद आमच्याकडे वाटेल तसे मिळतात. तुम्ही कुठले हे तुमचे केस ठरवतील.

हे कसं, ते शिवराजने मला जेवताना समजावलं होतं. शिकवायला त्याला आवडतं. पाण्याचे सगळे कण सारख्या वजनाचे नसतात, काही किंचित जड असतात. उन्हात पाणी तापलं की हलके कण आधी उडून जातात आणि जड मागे राहतात. पलीकडचं नळाचं पाणी मोठ्या धरणातलं. उघड्यावर महिनोन्‌महिने ऊन खाल्लेलं, म्हणून जड. आमचं पाणी बोअरचं, कातळाखाली सावलीत राहिलेलं, म्हणून हलकं. शिवाय दोन्हीकडचा खडक वेगळा. इकडे काळा, तिकडे तांबूस. त्या खडकातला स्ट्रॉन्शियम नावाचा धातू पाण्यात उतरतो, त्याचीही जात दोन्हीकडे निराळी. तुम्ही जे पाणी पिता त्यातूनच तुमचा केस घडतो. केस महिन्याला बोटाच्या पेराएवढाही वाढत नाही, पण जेवढा वाढला तेवढा कायमचा. नंतर त्यात काही बदलत नाही.

"म्हंजी कमरेएवढी वेणी असली की पाच-सहा वर्साचा हिशेब लागतो," तो भाकरी मोडत म्हणाला. "कोन्या महिन्यात कुठलं पानी पेलं, सगळं दिसतं. नवं यंत्र तर चार दिसाचा मुक्काम बी पकडतं."

"बायांचंच अवघड मग," मी म्हणाले. "पुरुषांचं काय, दोन महिन्याला न्हाव्याकडं गेले की पाप धुतलं."

त्याला हे आवडलं नाही. पण झालं तसंच. कायदा लागू झाल्यावर पुरुष पटापट गोटे करायला लागले. त्यावर नियम निघाला की ज्याचा गोटा त्याने कारण द्यायचं. गणपत बामणे बापाच्या दहाव्याला केस काढून बसला होता, त्यालाही नोटीस आली. बाप मेल्याचा दाखला घेऊन तो तालुक्याला तीन खेपा घालून आला आणि येताना दोन्ही सरकारांना एकाच दमात शिव्या देत आला.

पाण्याचं तर विचारू नका. पलीकडचे पाहुणे आले की तांब्या हातात घेऊन विचार करायचे, प्यावं की नाही. लग्नाला जाताना लोक आपल्या बोअरच्या बाटल्या घेऊन जायला लागले. माझी मावशी पलीकडून आली, दारात बसली, मी पाणी दिलं तर म्हणाली, "ठिव तिथंच, सवलत जाईल माजी." हसत म्हणाली, पण प्यायली नाही. भाऊ भावाच्या बाटलीचं झाकण बघायचा. कुणी कुणाविरुद्ध खबर दिली, हा गावात एकच विषय उरला.

आणि खबर कुणाकडे द्यायची, तर माझ्या नवऱ्याकडे.

आमच्या घरात आम्ही तिघं. शिवराज, मी आणि माझी सासू महानंदाबाई, जिला मी आत्याबाई म्हणते. शिवराज पहिली तीन-चार वर्षं पुण्याला कंपनीत होता, सणावाराला यायचा. तेव्हा घरात आम्ही दोघीच. सासूसून म्हणून राहायला सुरुवात केली आणि मैत्रिणी होऊन बसलो. पुढे हे रहिवास केंद्र निघालं आणि तो नोकरी घेऊन गावी आला.

तो आल्यावर काही दिवसांतच आत्याबाईंना रक्ताचा आजार निघाला. त्यांच्या रक्तातल्या लाल पेशी आपोआप फुटत होत्या. उठल्या की चक्कर, चालल्या की धाप. आमच्या बाजूच्या डॉक्टरने सांगितलं, यावर एक नवं औषध आहे, दर तिसऱ्या आठवड्याला सलाइनमधून द्यायचं, जन्मभर. आपल्या सरकारच्या फुकट उपचारांच्या यादीत ते नाही. आणि विकत घ्यायचं म्हणाल तर शेत विकून जेमतेम वर्ष निघेल. पलीकडच्या यादीत मात्र ते होतं. कोणत्या सरकारने कशावर खर्च करायचा, हे हॉटेलात बोलायला बरं असतं. आमच्या घरात त्याचा अर्थ एवढाच होता की म्हातारी ओढ्याच्या या बाजूला मरणार आणि त्या बाजूला जगणार.

माझी नणंद जगदेवी निजामाबादला असते. तिने आईचं नाव आपल्या घरात घालून तिथलं दवाखान्याचं कार्ड आधीच काढून ठेवलं होतं, कायदा यायच्या आत. आत्याबाई दर तिसऱ्या आठवड्याला चार दिवस लेकीकडे जायच्या. शिवराजला आम्ही सांगितलं, नातवंडं लहान आहेत, जगदेवीला मदत लागते. आजार त्याच्यापासून लपवला, धाप वयाची म्हणून सांगितली, कारण त्याला कळलं असतं तर दोनच गोष्टी होत्या. त्याने लिहिलं असतं, तर आईचं कार्ड गेलं असतं. नसतं लिहिलं, तर जन्मभर स्वतःला खात बसला असता. शिवाय साठीच्या पुढच्यांना केसांची चाचणी माफ होती, म्हणजे पकडलं जायची भीती नव्हती. पलीकडचं रीतसर रहिवासी व्हायचं तर मात्र वयाची माफी नाही, वर्षभर तिथलंच पाणी पोटात जावं लागतं आणि तोवर औषध मिळत नाही. तेवढा धीर त्यांच्या रक्ताला नव्हता.

मागच्या वर्षी आत्याबाईंनी आपले केस मानेपर्यंत कापले. दवाखान्यात पडून राहायचं, विंचरायला त्राण नाही. लोकांना सांगितलं, मानेला गळू झालं. टोकाचं विरळ कापून टाकलं आणि वरचं दाट, काळंभोर तेवढं राखून त्याचं एक सुरेख गंगावन बांधलं. मला दिलं. माझे केस तेव्हा मूठमूठ गळत होते. म्हणाल्या, "तुज्या वेणीत ऱ्हाऊ दे. मला आरशात दिसत ऱ्हाईल." ते मी रोज वेणीत घालते. शिवराजला याचा पत्ता नव्हता. बायकोच्या वेणीत स्वतःचं किती आणि उसनं किती, हे पुरुषांना कळत नसतं आणि आपणही सांगत नसतो.

घोटाळा झाला तो मारुतीच्या देवळापुढच्या ओट्यावर.

बायकांचे नमुने घ्यायचा दिवस होता. नियमाप्रमाणे केस मानेजवळून, मुळालगत कापायचे. बायकांनी गोंधळ घातला. काशीबाई पुढे होऊन म्हणाली, "सवाशिनीच्या मानंला कात्री? कुनाच्या घरात काय व्हावं म्हून हे? आमी न्हाई देनार." शिवराजने वर बोलणी करून सवलत मिळवली: वेणीच्या टोकाचा वीतभर तुकडा चालेल, मुळापासून अंतर टेपने मोजून त्यावरून तारखा काढायच्या. ही सवलत वरच्या ज्या साहेबांनी मंजूर केली, त्यांच्यातला एकही वेणी घालत नसावा. गंगावनाचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

तरीही बाया पुढे होईनात. तेव्हा शिवराज मोठ्याने म्हणाला, "पैला नमुना माज्या घरचा." आणि सगळ्या गावादेखत मला हाताने पुढे ओढलं.

मी काय करायला हवं होतं ते आज मला कळतं. 'थांबा, हे गंगावन आहे' एवढं म्हणायचं होतं. पण दोनशे माणसांपुढे आपल्या डोक्यावर केस उरले नाहीत हे कोण बाई सांगेल? लाजले. मनाला समजावलं, केस घरातलेच आहेत, बोअर एकच आहे, फरक काय पडतो. आत्याबाई कुठलं पाणी पितात हे त्या क्षणी माझ्या डोक्यातून साफ गेलं. कात्रीचा आवाज झाला, बायांनी टाळ्या वाजवल्या आणि माझ्या मागे रांग लागली. आणि मग घरी येऊन चूल पेटवताना मला एकदम आठवलं. 

अहवाल यायला महिना लागला. आला हे मला शिवराजच्या चेहऱ्यावरून कळलं.  माझ्याकडे बघायची त्याची पद्धत बदलली. मी पाणी प्यायले की तो कुठल्या घागरीतलं ते बघायचा. मी फोनवर बोलले की तो अंगणात काहीतरी शोधत यायचा. बसच्या कंडक्टरशी त्याने दोस्ती केली. एकदा मी धुणं वाळत घालत होते, तर मागून म्हणाला, "निजामाबादच्या रस्त्याला आता लई झाडं लावलीत म्हनं?"

"मला काय ठाऊक," मी म्हणाले.

"न्हाई, सहज इचारलं."

तो सहज काही विचारत नाही. आठ वर्षांत मला एवढं तरी समजलं होतं.

शेवटी एका दुपारी त्याने अहवाल माझ्यापुढे टाकला. सपाट रेघ, आणि तिच्यावर ठराविक अंतराने उंचवटे. कोंबड्याच्या तुऱ्यासारखे.

"हे तुजे केस," तो म्हणाला. "दर तिसऱ्या आठोड्याला चार दिस पलीकडं. वर्सभर. आन्‌ तारखा कवाच्या हायेत बघ. मी पुन्यात होतो तवाच्या."

मी बघितलं आणि मला सगळं उमगलं. आत्याबाईंचे केस माझ्या वेणीच्या शेंड्याला, म्हणून यंत्राने त्या केसांचं वय माझ्या मुळापासून मोजलं. परवापरवाच्या दवाखान्याच्या खेपा पाच-सहा वर्षांपूर्वीच्या दिसायला लागल्या. त्या काळात आत्याबाई धडधाकट होत्या, घर सोडून कुठे जात नव्हत्या. त्यामुळे त्याला त्यांचा संशय येणं शक्यच नव्हतं. माझा येणं सोपं होतं.

"कोन हाय तिथं?" त्याने विचारलं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

"कोनी न्हाई."

"मंग कशाला जात हुतीस?"

"मी गेलेच न्हाई."

"यंत्र खोटं बोलायलंय का?"

वेणी पुढे घेऊन गंगावन सोडून त्याच्या हातात द्यायचं, एवढंच काम होतं. तीन गाठी. पुढचा प्रश्न त्याने दुसऱ्याच श्वासाला विचारला असता: हे केस कुणाचे? आतल्या खोलीत आत्याबाई पडल्या होत्या. त्यांची धाप मला भिंतीतून ऐकू येत होती. मी वेणीवरून पदर ओढून घेतला. मला माझाच राग आला, त्याचा आला, आणि ज्यांनी कुणी दवाखान्यांच्या याद्या केल्या त्यांचा सगळ्यात जास्त आला.

तो बाहेर गेल्यावर आत्याबाई भिंत धरत आल्या. "पोरी, मी सांगते त्याला. माज्यापायी तुजं नाव जायलंय."

"सांगा की," मी म्हणाले. "त्यो कागद करंल. तुमचं पलीकडलं कार्ड बंद हुईल. मंग?"

"मंग काय. साठी उलटली माजी."

"आन्‌ त्याला रोज आरशात कोन दिसंल? आईला मारनारा दिसंल. त्याला जगू द्यायचं का न्हाई?"

त्या खाली बसल्या आणि माझा हात धरून रडल्या. मी रडले नाही. मला रडायची सोय नव्हती, भाकऱ्या व्हायच्या होत्या.

तालुक्याच्या ठिकाणी सुनावणी लागली. अधिकारी कुलथेबाई नावाच्या होत्या, चष्मा कपाळावर, माणूस म्हणून बऱ्या. प्रकरण घरच्या माणसाचं म्हणून शिवराजला तपासणीतून बाजूला काढलं होतं. तो मागच्या खुर्चीवर बसला होता. गावातले चार-पाच जण मुद्दाम आले होते, त्यात काशीबाईचा दीरही. त्याला तालुक्यात दुसरं काही काम नव्हतं.

कुलथेबाईंनी सगळं नीट समजावलं. मागच्या सात वर्षांतल्या, म्हणजे कायदा येण्याआधीच्याही, दुहेरी रहिवासाला दंड आहे. कबूल केलं तर दंड निम्मा, हप्ता वर्षभर बंद आणि नाव पंचायतीच्या फळ्यावर. नाकबूल असेल तर पुन्हा चाचणी, या वेळी मुळाजवळच्या केसाची.

मी 'कबूल' म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"बाई, फेर चाचनी घ्या," शिवराज म्हणाला. तो उभा राहिला होता. महिनाभरात त्याची गालफडं आत गेली होती. "मी लई इचार केला. आठ वर्सं हिच्यासंगं ऱ्हायलोय. ही चहा शिळा देती, पन असं करनारी न्हाई. यंत्रात कायतरी चूक हाय. मुळातला केस घ्या, पैले दोन्ही नमुने शेजारी ठिवून बघा."

मी त्याच्याकडे बघत राहिले. ज्या माणसाने जन्मात कुणावर विश्वास टाकला नाही, त्याने आज, सगळ्यांपुढे, कात्री-यंत्र सगळं बाजूला ठेवून माझ्यावर टाकला होता. लग्नानंतर मी ज्याची वाट बघितली ते एवढंच होतं. आणि नेमकं तेच मला परवडणार नव्हतं. मुळाचे केस माझे, शेंड्याचे आत्याबाईंचे. शेजारी ठेवले की दोन बायका आहेत हे पहिल्याच मिनिटाला दिसलं असतं. मग दुसरी कोण, हे शोधायला निरीक्षक लागला नसता.

"नको," मी म्हणाले. "फेर चाचनी नको. मी जात होते."



"कशासाठी जात होता?" कुलथेबाईंनी विचारलं. "कामाला? कामाला असेल तर मालकाचं नाव सांगा. पडताळून घेऊ, दंडही कमी होईल. नातेवाइकांकडे असेल तर पत्ता द्या."

मालकाचं नाव सांगितलं असतं तर खोटं ठरलं असतं. पत्ता एकच होता, जगदेवीचा, आणि त्याच पत्त्यावर आत्याबाईंचं कार्ड होतं.

"सांगता येनार न्हाई," मी म्हणाले.

याचा अर्थ लावायला कुणाला वेळ लागला नाही. काशीबाईचा दीर खाकरला. कुलथेबाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि लिहायला लागल्या. शिवराज कधी उठून गेला ते मला कळलं नाही. परत येताना मी एकटीच बसने आले.

त्यानंतर घरात बोलणं संपलं. ताट वाढलं की तो जेवायचा. आत्याबाई दोघांकडे आळीपाळीने बघायच्या आणि मी डोळ्यांनी त्यांना गप्प करायची. त्यांच्या इंजेक्शनचा दिवस आला. त्या जायला तयार नव्हत्या. मी पिशवी भरून दारात ठेवली आणि म्हणाले, "आता तुमी न्हाई गेल्या, तर मी तिथं जे बोलले ते फुकट गेलं." तेव्हा गेल्या.

चौथ्या दिवशी शिवराजही निघाला. कुठे, ते सांगितलं नाही. मला माहीत होतं. तो माणूस शोधायला निघाला होता. संशय खरा ठरला तरी त्याला त्याचं नाव, गाव, तोंड बघायचं होतं. शोध सुरू करायचा तर कुठून? बहिणीकडून. माझं नाव घेऊन, रेणुका तुझ्याकडे यायची का, तिच्यासोबत कोण असायचं, हे विचारायला तो जगदेवीच्या दारात गेला. दाराला कुलूप होतं. शेजारणीने सांगितलं, "अम्मा को लेके दवाखाने गए."

संध्याकाळी दोघं एकाच रिक्षातून उतरली. आत्याबाईंच्या हाताला पट्टी होती आणि तो हात शिवराजने धरला होता. त्याने आईला आत नेऊन निजवलं, पांघरूण घातलं आणि स्वयंपाकघरात येऊन पाटावर बसला. बराच वेळ माझ्या वेणीकडे बघत बसला.

"मायचे हायेत ना," तो म्हणाला.

"हाव."

"देवळापुढं मीच कापले."

"हाव."

"मी उद्या जातो. कुलथेबाईला खरं सांगतो. तुजं नाव फळ्यावरून..."

"न्हाई जायाचं," मी म्हणाले. "माजी शपथ हाय तुमाला. मायची हाय. कोनाजवळ एक शब्द बोलायचा न्हाई, कवाच न्हाई. तुमाला कळलं, मला बास झालं."

तो रडला. मोठ्या माणसाला असं रडताना बघणं वाईट असतं. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि मनात मोकळं मोकळं वाटलं. आता निभेल, असं वाटलं.

पुढच्या महिन्यात बायकांच्या नमुन्यांची दुसरी फेरी होती. तोच ओटा, तीच रांग. शिवराजने या वेळी मानेजवळचा एक लहानसा केस बायांनी स्वतःच्या हाताने कापून द्यावा अशी पद्धत काढली होती. गंगावन पुन्हा कात्रीत येऊ नये म्हणून काढली, पण वर त्याने कारण वेगळंच कळवलं होतं; जुने नमुने शेजारी ठेवून बघायचं या फेरीत नव्हतं. मी रांगेत मागे उभी होते. माझ्या पुढे-मागे थोडी जागा मोकळी राहिली होती, जशी आता पाणवठ्यावर राहते, किराण्याच्या दुकानात राहते.

काशीबाईचा नंबर आला. तिने केस कापून ठेवला, मागे वळून माझ्याकडे बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आमच्या केसाला काय भ्या, सायेब? नवरा गावाला गेला तरी आमी आपल्याच घरी निजताव."

बाया हसल्या. पुरुषही हसले. शिवराज हातातली पिशवी चिकटवत होता. त्याचे कान लाल झाले. त्याने मान वर केली नाही. पिशवीवर काशीबाईचं नाव लिहिलं, बाजूला ठेवली आणि म्हणाला, "पुढच्या बाई."

शपथ मीच घातली होती. तो बोलला असता तर त्याची आई गेली असती, हे मला त्याच्याइतकंच ठाऊक होतं. तरी वाटलं, एक शब्द तरी बोलायला हवा होता.